डावा कोपर

थंडी पडली की वर्तमानपत्रांना कोपर आठवतात. वर्षाचे दहा महिने ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच्यासाठी डिसेंबरच्या पुरवणीत अर्धं पान राखून ठेवलेलं असतं. वर एका हसऱ्या मुलीचा फोटो, खाली घरगुती उपाय. अर्धं लिंबू घ्या, त्यावर साखर भुरभुरा. साय घ्या, डाळीचं पीठ घ्या. खोबरेल कोमट करून चोळा. आठवड्यातून दोनदा केल्यास फरक दिसेल. माझी सून ते पान कापून फ्रिजला चिकटवते आणि मग वर्षभर त्याकडे पाहत नाही. मी मात्र चष्मा लावून ते दरवर्षी अथपासून इतिपर्यंत वाचते. त्यातला एकही उपाय मला नवा नसतो. सगळे मी माझ्या हातांनी करून पाहिलेले आहेत, एका हिवाळ्यात, एकाच कोपरावर, आणि तो कोपर माझा नव्हता.

फरक दिसतो, हे खरं आहे. पुरवणीवाले तेवढ्यापुरतं खोटं बोलत नाहीत.

आमचं गाव आंबागडाच्या पायथ्यापासून कोसभर अंतरावर. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा तो हिवाळा. धान कापून खळ्यावर आलं होतं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, उरलेल्या ओलीवर लाखोरीचं कडधान्य उगवलं होतं आणि गावभर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास होता. आमच्याकडची थंडी कोरडी. आंघोळ करून बाहेर आलं की दहा मिनिटांत अंग पांढरं पडायचं. शाळेत आम्ही मुली नखाने एकमेकींच्या पोटरीवर नावं लिहायचो, ती दुपारपर्यंत वाचता यायची. घरोघरी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल असायचं. थंडीत ते तुपासारखं थिजे, मग पळीत घेऊन चुलीतल्या निखाऱ्यावर धरायचं आणि गरम गरम अंगाला चोळायचं. त्याचा वास आवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण त्या वासाशिवाय हिवाळा आला असं मला आजही वाटत नाही.

आमच्या भागात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. शकुनबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दिसायला चारचौघींसारखी, बोलायला कमी, आणि रोवण्यात तिच्या तोडीची दुसरी गावात नव्हती. रोवणा म्हणजे धानाची लावणी. पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, पेंडी डाव्या हातात धरायची, कंबरेतून वाकायचं, डावा कोपर डाव्या गुडघ्याच्या वर टेकवायचा आणि उजव्या हाताने चिखलात एकेक रोप खोचत मागे मागे सरकायचं. उजवा हात मोकळा असतो. वाकलेल्या अंगाचा भार सगळा त्या डाव्या कोपरावर. लुगडं ओलं, त्यावर चिखल, चिखलात रेती, आणि त्यावर तो कोपर दिवसभर घासत असतो. असे चार-पाच आखाड गेले की डाव्या कोपरावर काळं, जाड, भेगा पडलेलं कातडं येतं. उजवा जसाच्या तसा राहतो. आमच्याकडे कुठल्याही बाईला विचारावं लागत नाही की तू रोवण्याला जातेस का म्हणून. तिने डाव्या हाताने पदर सावरला की कळतं.

माय स्वतः कितीतरी वर्षं रोवण्यात गेलेली होती. बाबांनी गावात किराण्याचं दुकान टाकलं, तेव्हापासून तिने बांधी सोडली आणि बाहेर निघताना डाव्या कोपरावरून पदर घ्यायला लागली. लोक तिला शेठाणी म्हणत, अर्धं मानाने आणि अर्धं चेष्टेने. चेष्टेचं अर्धं तिला ऐकू येत नसे. घरच्या तीन बांध्या होत्या, आखाडात रोवणाऱ्या बाया मिळत नसत, म्हणून शकुनबाई जायची. हे घरचं कारण झालं. तिचं कारण वेगळं होतं, तिला आवडायचं. ओळीच्या टोकाला तिला उभं करत, कारण टोकाची बाई जशी सरकेल तशी सगळी ओळ सरकते. संध्याकाळी घरी आली की ती चिखलाचे पाय घेऊन ओसरीवर बसून राहायची, आणि तिच्या तोंडावर जे असायचं ते मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही.

दिवाळी झाल्यावर बाबांच्या ओळखीचा एक मध्यस्थ स्थळ घेऊन आला. मुलगा भंडाऱ्याला कारकून. आईबाप लहानपणीच गेलेले. अड्याळकडच्या एका गावात त्याची विधवा आत्या, तिनेच वाढवलेला, थोडी धानाची शेती तीच पाहते. चहा पिता पिता मध्यस्थाने विचारलं, "पोरगी शेतात जाते काय?"

माय म्हणाली, "नाही बापा. आमची पोरगी बांधीत पाय नाही टाकत."

त्याने ते सहज विचारलं असेल. मायनेही सहजच सांगितलं. शकुनबाई आतल्या खोलीत कप विसळत होती, तिचा हात थांबलेला मी पाहिला. पुढे आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलणं ऐकलं, स्वतः बोललेही, पण इतक्या हलक्या आवाजात बोललेलं आणि इतकं महागात गेलेलं दुसरं मला आठवत नाही.

त्याच संध्याकाळी मायने शकुनबाईचा डावा हात धरून दिव्याजवळ नेला. कोपर उलटा करून पाहिला, अंगठ्याने दाबला. म्हणाली, "संक्रांतीच्या मागं पाहाले येतीन. दोन महिने हायेत. हा कोपर गेला पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "विमल, हे काम तुहं."

बोलून टाकलेलं खोटं आता कातड्यावर खरं करून दाखवायचं होतं. नाही जमलं, तर सोयरीक मोडणार, आणि शेठाणी खोटं बोलली हे दोन तालुक्यांत पसरणार. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं होतं. मी कामाला लागले.

पहिले आठ दिवस टोळीचं तेल. त्याने कातडं मऊ पडलं, पण काळं ते काळंच. मग लिंबू. अर्धं लिंबू पिळून, त्याच्या वाटीत साखर घालून, कोपर त्यात बसवायचा आणि गोल गोल फिरवायचा. लिंबाचा रस भेगेत शिरला की शकुनबाई डोळे मिटून घ्यायची, तोंडाने हूं की चूं नाही. लाखोरीचं पीठ आणि साय. धानाचा कोंडा आणि दही. तांदूळ धुतलेलं पाणी. बाबांनी तुमसरच्या बाजारातून ग्लिसरीनची बाटली आणि गुलाबपाणी आणलं, ते मायने कपाटात ठेवलं आणि मला थेंब मोजून दिलं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि तिचा हात मांडीवर घ्यायचा. ती दुसऱ्या हाताने तांदूळ निवडत बसायची, किंवा नुसती परसातल्या पेरूकडे बघत बसायची.

एकदा म्हणाली, "हळू कर ना. तो बी माह्याच हाताचा हाय."

मी हळू केलं नाही. मला त्या कामाची चटक लागली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. रोज थोडं काळं निघायचं, खालचं थोडं उजळ दिसायचं. पाटी पुसावी तसं वाटायचं. मी माझ्या मैत्रिणींना सांगितलं नाही, पण मनातल्या मनात मला त्या कोपराचा अभिमान वाटायला लागला होता. शकुनबाईलाही अभिमान होता, त्या आधीच्या कोपराचा, आणि तो मीच रोज थोडा थोडा घासून काढत होते, हे कळायला मला फार वर्षं लागली.

गावतलावावर मासे धरणाऱ्या घरातली सोनाकाकू शनिवारी टोपली घेऊन आमच्या दारात यायची. तिने एकदा आमचा हा खटाटोप पाहिला आणि टोपली खाली ठेवून उभीच राहिली. मायने विचारलं, "तुह्याकडं काही औषध हाय काय ओ यावर?" सोनाकाकूने माशाच्या चरबीचं तेल सांगितलं, दुसऱ्या दिवशी शिशीत आणूनही दिलं. ते लावल्यावर आमच्या घरातलं मांजर चार दिवस शकुनबाईच्या मागे मागे फिरत होतं. त्या चार दिवसांत ती एकदा हसली, त्या हिवाळ्यातलं तेवढंच मला आठवतं. पण शिशी देताना सोनाकाकू मायला जे म्हणाली तेही आठवतं. "शेठानी, पोरगी रोवण्याले गेली तं गेली. चोरी केली काय तिनं?" माय म्हणाली, "तुले नाही समजत." सोनाकाकू म्हणाली, "नसन समजत," आणि टोपली उचलून गेली. पुढे महिनाभर ती आमच्या दारावरून मासे घेऊन गेली, पण थांबली नाही.

विटकरीचा उपाय कोणी सांगितला नव्हता. तो माझा. संक्रांत तोंडावर आली तरी मधोमध रुपयाएवढा काळा डाग जाईना. पुरवणीत आता त्यासाठी भारी नावाचा दगड सांगतात, आमच्याकडे विहिरीजवळ विटकरीचा तुकडा पडलेला असायचा, टाचा घासायला. मी तो घेतला. पहिल्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी आणखी बरं, तिसऱ्या दिवशी रक्त आलं. शकुनबाई उठून उभी राहिली आणि मला वाटलं आता मारणार. ती विहिरीवर गेली, हात धुऊन आली आणि पुन्हा माझ्यापुढे बसली. माय हळद घेऊन आली. मला वाटलं ती तरी रागावेल. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पण निघून राहिलं ना?"

निघालं. खपली धरली, पडली, आणि खालून लहान मुलासारखं गुलाबी कातडं आलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी पाहुणे आले तेव्हा शकुनबाईचा डावा कोपर गावातल्या कुठल्याही बाईच्या कोपरापेक्षा सुंदर होता.

पाहुणे दोनच, मुलगा आणि त्याची आत्या. मुलगा सभ्य, तेल लावून भांग पाडलेला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणारा. आत्या उंच, हाडापेराने मजबूत, पांढऱ्या लुगड्यातली. तिने अड्याळच्या बाजारातून हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. म्हणाली, "पोरीले मीच चढवतो माह्या हातानं." मी बांगड्यांचं ताट धरून शेजारी बसले. मायने शकुनबाईच्या पोलक्याच्या बाह्या मुद्दाम कोपराखालपर्यंत शिवून घेतल्या होत्या. आत्याने त्या सहज वर सारल्या, बांगड्या घालताना सारतातच. उजव्या हातात सहा चढवल्या, हात उलटा करून पाहिला. मग डावा घेतला, सहा चढवल्या, उलटा केला, आणि अंगठा कोपरावर तसाच ठेवून ती थांबली. पुन्हा उजवा पाहिला. पुन्हा डावा.

आणि तेव्हा मला दिसलं की आम्ही काय करून बसलो होतो. दोन महिने आम्ही एकाच कोपराच्या मागे लागलो होतो. उजव्याला कोणी तेलाचं बोटही लावलं नव्हतं, कारण त्याचा काही गुन्हाच नव्हता. उजवा सगळ्या जगाचा असतो तसा सावळा, खरबरीत. डावा गोरा, गुळगुळीत, चकचकीत. रोवणारीचा डावा कोपर काळा असतो, एवढंच आमच्या डोक्यात. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, हे घरातल्या चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

आत्या पुढे वाकली. बाबा मुलाशी बोलत होते, माय चहाला उठली होती. फक्त शकुनबाईला आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली, "उजवा तं तुहा हाय. डावा कोणाचा?"

शकुनबाईने मान वर केली नाही. आत्याने बाह्या नीट खाली ओढल्या, तिच्या हनुवटीला हात लावला आणि मोठ्याने म्हणाली, "पोरगी आमाले पसंत हाय." मायने गल्लीत गूळ वाटला. मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं बहीण जाणार म्हणून रडते.

उन्हाळ्यात लग्न झालं. आखाड लागला तशी आत्याची पहिली चिठ्ठी भंडाऱ्याला आली, सूनबाईला मदतीला पाठव म्हणून. शकुनबाई गेली. तिथे आत्याने तिला एवढंच सांगितलं, "मी काही कोणाले सांगत नाही. तू फक्त आखाडात येत जा." भाऊजींना वाटत होतं बायको आत्याकडे रोवणाऱ्या बायांसाठी रांधायला जाते, असं निदान शकुनबाईला वाटत होतं. ती बांधीत उतरायची, पंधरा-वीस दिवस आत्याचा सगळा रोवणा ओढायची, आणि परत जाताना आमच्याकडे यायची. कारण नवऱ्यापुढे जाण्याआधी कोपर साफ व्हायला हवा होता.

पहिल्या वर्षी तिने बाही वर केली तेव्हा मी पाहिलंच नाही, तोंड फिरवलं. पुरवणीत हे कधीच लिहिलेलं नसतं की कोपराचं कातडं जाड का होतं. ते बाईला वाचवायला जाड होतं. वर्षानुवर्षं जमलेलं ते ढालीसारखं कातडं मी एका हिवाळ्यात काढून टाकलं होतं, आणि त्या गुलाबी कोपरावर तिने वाकून पंधरा दिवस काढले होते. सोललेल्या गुडघ्यासारखा झाला होता तो. मी तेल लावलं, साय लावली, जखम भरली, आणि मग लिंबू घेऊन बसले. पुढच्या आखाडात पुन्हा तेच. दरवर्षी तिथे थोडं राठ कातडं धरायचं आणि दरवर्षी श्रावणात मी ते काढून टाकायचे. आता दोन्ही कोपर घासायचे, तेवढा शहाणपणा आला होता.

मी शिकले. मास्तरीण झाले. लग्नाच्या वेळी माझा कोपर कोणी पाहिला नाही, माझ्या हातातली पदवी पाहिली. रोवण्याच्या दिवसांत मी वर्गात मुलांना शेतकरी आपला पोशिंदा आहे असं शिकवत असे, आणि सुटीच्या दिवशी पाटावर बसून बहिणीच्या हातावरून तो रोवणा पुसून काढत असे. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही. मायला तर मुळीच नाही. ती मरेपर्यंत सांगायची, आमच्या शकुनले शेतातलं काही येत नाही, नोकरदाराची बायको हाय.

शकुनबाईला एकदा विचारलं होतं मी, भाऊजींना सरळ सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, "मायचं खोटं हाय ना ते. मायचं तोंड कायले खाली करू?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् घरातून काढलं तं?" तिची दोन लेकरं होती तेव्हा. तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. बांधी, जी तिला एवढी आवडायची, तिथे ती आता वर्षातून एकदा शिक्षा भोगायला जात होती.

आत्या गेली तो हिवाळाच होता, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा. तेरावं आटोपून आम्ही भंडाऱ्याला शकुनबाईच्या घरी परतलो होतो. दुपारी भाऊजी आणि मी जेवायला बसलो, ती वाढत होती. तिचा चेहरा मोकळा दिसत होता, कितीतरी वर्षांनी. भाऊजी म्हणाले, शेती आता ठोक्याने, वर्षाच्या खंडावर, देऊन टाकू. ती भाताचं पातेलं घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "एक गोष्ट सांगायची होती तुमाले. लग्नाच्या आधीची हाय." आणि तिने सगळं सांगितलं. मायचं बोलणं, तो हिवाळा, तो कोपर, आत्याची अट. खाली मान घालून, पाठ केल्यासारखं. किती वर्षं तिने ते मनात म्हणून पाहिलं असेल कोणास ठाऊक.

भाऊजींनी घास गिळला आणि ते हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "अवो, ते तं मले मालूमच हाय. आत्यानं वापस जाताना एस्टीतच सांगतलं होतं. म्हणे पोरगी पक्की रोवण्यातली हाय, घासून आणली हाय, हेच पोरगी कर. आत्याले एकटीनं होत नव्हतं ना. मनूनच तं हो म्हटलं."

शकुनबाई म्हणाली, "मंग इतके वर्ष बोलले नाही तुमी?"

"तुह्या मायनं नाही म्हणून सांगतलं होतं. तुमाले लपवाचं होतं, तं आमी काहून बोलाव?" आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं, वरण घाल म्हणून.

तिने वरण घातलं. ते जेवले, उठले, हात धुवायला मोरीवर गेले. शकुनबाई पातेल्याशेजारी खाली बसली. माझ्याकडे पाहत तिने हळू विचारलं, "मंग विमल, तू मले इतके वर्ष घासलं कायले?"

तिच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते. राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तेरा वर्षांची होते, मायने सांगितलं म्हणून, हे पहिल्या हिवाळ्याचं उत्तर झालं. त्यानंतरच्या अकरा श्रावणांचं माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आणि आजही नाही.